बिघाड की हल्ला? कारखाना मोडून शिकण्याची गोष्ट

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा भांडी घासताना हेडफोन लावले असतील, आजच्या एपिसोडमध्ये एक डिझेल जनरेटर आहे, आठ लाख लिटर सांडपाणी आहे आणि स्वतःहून हलणारा एक माउस आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो.

बीटेक होऊन पहिल्या नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. पुण्याजवळच्या एका कारखान्यात आमच्या टीमला डॅशबोर्ड बसवायचा होता. किती माल निघाला, कुठलं मशीन बंद आहे, सगळं मॅनेजरच्या मोबाईलवर दिसायला हवं. नेटवर्कवर कोणकोणती उपकरणं आहेत हे बघायला मी लॅपटॉप जोडला आणि ऑफिसमध्ये नेहमी चालवतो तसा एक स्कॅन चालवला. ऑफिसमध्ये त्याने कुणाच्या चहातसुद्धा तरंग उठत नाही. इथे दहा-पंधरा सेकंदांत कन्व्हेअर थांबला.

मेंटेनन्सचे एक काका आले. माझ्याकडे न बघता पॅनलपाशी गेले, सिलेक्टर स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवला, बटणं दाबून लाईनवर अडकलेला माल पुढे काढला आणि मग कंट्रोलरची पॉवर बंद करून पुन्हा चालू केली. सगळं झाल्यावर मला म्हणाले, "साहेब, काय लावलंय ते आधी काढा."

मी म्हणालो, "काका, मी काही नाही केलं."

गंमत म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो. हे माझ्यामुळे झालंय हे मला खरंच कळलं नव्हतं. चार वर्षं कॉम्प्युटर शिकलो, सिक्युरिटीचा पेपरही चांगला गेला होता. पण मशीन थांबलं तेव्हा तो बिघाड होता, चूक होती की हल्ला होता, हे ओळखायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. आजची गोष्ट ही ओळखायला माणसं कशी शिकली, त्याची आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

सोसायटीच्या टाकीवर पाण्याची पातळी बघून मोटर चालू-बंद करणारा कंट्रोलर असतो ना? त्याचाच दणकट मोठा भाऊ म्हणजे पीएलसी. सेन्सरकडून माहिती घ्यायची, ठरवायचं, आणि व्हॉल्व्ह, मोटर, ब्रेकर हलवायचे. अशी शेकडो उपकरणं लांबच लांब पसरलेली असतील, तर ती एका खोलीतल्या स्क्रीनवर बघण्याची आणि चालवण्याची व्यवस्था म्हणजे स्काडा. वीज, पाणी, रिफायनरी, औषधं, सगळीकडे हेच.

यातली बरीच उपकरणं वीस-पंचवीस वर्षं चालतात. ती बनली तेव्हा नेटवर्कवर फक्त ओळखीचीच मंडळी असतील असं गृहीत धरलेलं होतं. आलेला हुकूम कुणाचा, हे ती विचारतच नाहीत. आणि अनोळखी काही आलं तर कधी कधी गोंधळून जातात. माझ्या स्कॅनने तेच झालं.

माझी लाज थोडी कमी व्हावी म्हणून एक किस्सा सांगतो. अमेरिकेतल्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजच्या २००५ च्या अहवालात तो आहे. नऊ फुटी रोबोटिक हात असलेल्या एका ठिकाणी नेटवर्कवर साधा पिंग फिरवला गेला. 'कोण कोण हजर आहे?' एवढाच प्रश्न. त्यातला एक हात शांत उभा होता, तो अचानक जागा झाला आणि १८० अंशांत गर्रकन फिरला. खोलीतला माणूस नशिबाने त्याच्या टप्प्याबाहेर होता. त्याच अहवालात एका चिप कारखान्याचाही उल्लेख आहे. तिथे अशाच हजेरीमुळे यंत्रणा अडकली आणि ५० हजार डॉलरचे वेफर वाया गेले.

म्हणजे पहिला धडा असा, की ऑफिसच्या नेटवर्कवरचं शिक्षण इथे जसंच्या तसं चालत नाही. मग वेगळं शिक्षण कुठे मिळणार? चालू कारखान्यात तर नाहीच.

सांडपाण्याचे तीन महिने

साल २०००. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात तेव्हा मरूची शायर नावाचा भाग होता. तिथे सांडपाण्याचे जवळपास दीडशे पंप रेडिओवरून चालायचे. वर्षाच्या सुरुवातीलाच विचित्र प्रकार सुरू झाले. पंप चालायला हवे तेव्हा चालेनात, अलार्म वाजायला हवेत तिथे वाजेनात, मधूनच संपर्क तुटायचा.

यंत्रणा नवी होती. साहजिकच सगळ्यांना वाटलं, बसवण्यात काहीतरी चुकलंय. वायरी तपासल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. पण प्रकार थांबेनात. शेवटी एका इंजिनिअरने येणारे रेडिओ संदेश बारकाईने पाहिले आणि लक्षात आलं, की कुणीतरी मुद्दाम हुकूम सोडतंय. एप्रिलमध्ये पोलिसांनी एक गाडी अडवली. आत लॅपटॉप आणि रेडिओ उपकरणं. माणूस कोण? यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचाच माजी कर्मचारी. पुढे त्याने तिथल्या कौन्सिलकडे नोकरी मागितली होती आणि ती नाकारली गेली होती.

तोपर्यंत सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात वाहून गेलं होतं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हल्लेखोराची हुशारी नाही. त्याला सगळं आधीच माहीत होतं. महत्त्वाचं हे, की समोरची अनुभवी माणसं इतके दिवस त्याला बिघाडच समजत राहिली. आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. हल्ला कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मोडून बघणारं वाळवंट

आता अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात जाऊ. तिथल्या ओसाड माळरानावर १९४९ मध्ये सरकारने अणुभट्ट्यांच्या चाचण्यांसाठी केंद्र उभारलं. आज त्याचं नाव आयडाहो नॅशनल लॅबोरेटरी. जागा सुमारे २,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास चौपट.

या जागेची एक जुनी सवय आहे. प्रश्न पडला की मोडून बघायचं. १९५४ च्या जुलैमध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी बोरॅक्स-१ नावाची छोटी अणुभट्टी शेवटच्या चाचणीत मुद्दाम हाताबाहेर जाऊ दिली. ती फुटली, आणि त्यांनी हिशेब केला होता त्यापेक्षा जोरात फुटली. कागदावरचं गणित आणि प्रत्यक्ष यंत्र यांत किती फरक पडतो, हे त्या दिवशी दिसलं.

पन्नास वर्षांनी त्याच जागेवर तसाच प्रश्न नव्या रूपात आला. नुसत्या कोडने मोठं यंत्र मोडता येईल का?

त्या काळात वीज कंपन्यांमधल्या बऱ्याच जणांचं उत्तर 'नाही' असंच होतं. हॅकर फार तर स्विच बंद करेल, दिवे जातील, आपण परत लावू. यंत्राचं संरक्षण करायला रिले आहेतच की! माइक असान्टे यांना हे पटत नव्हतं. ते आधी अमेरिकन नौदलात गुप्तवार्तेचं काम करायचे, मग एका मोठ्या वीज कंपनीत सुरक्षा प्रमुख होते, आणि नंतर आयडाहोला आले. त्यांना वाटत होतं, की संरक्षणासाठी बसवलेला रिलेच शस्त्र म्हणून वापरता येईल.

कसा? चालती लोकल पकडणारा माणूस आठवा. तो आधी गाडीच्या वेगाने धावतो, मग दांडा पकडतो. वेग जुळला नाही आणि तरी दांडा पकडला, तर हात उखडतो. जनरेटर ग्रिडला जोडतानाही तसंच. ग्रिडची लय आणि जनरेटरची लय जुळल्याशिवाय ब्रेकर लावायचा नाही. आता समजा, जोडलेला जनरेटर क्षणभर तोडला. ओझं गेल्यामुळे तो जरा जास्त वेगाने फिरू लागतो. आणि लय बिघडलेली असतानाच पुन्हा जोडला, तर अख्खा ग्रिड त्याला हिसका देऊन ओळीत ओढतो. हिसका बसतो तो शाफ्टला.

४ मार्च २००७. आयडाहोमध्ये २.२५ मेगावॉटचा, २७ टनांचा डिझेल जनरेटर उभा केलेला. बघायला सरकारी अधिकारी आणि वीज क्षेत्रातली मंडळी. कोडने ब्रेकर उघडला आणि चुकीच्या क्षणी लावला. एवढं मोठं धूड अंगात आल्यासारखं थरथरलं. पुन्हा तेच. रबराचे तुकडे उडाले. पुन्हा. मग धूर, आधी पांढरा, मग काळा. काही तुकडे ८० फुटांवर जाऊन पडले. हे सगळं साधारण तीन मिनिटांत, आणि तेही प्रत्येक हिसक्यानंतर किती नुकसान झालं हे बघायला थांबत होते म्हणून. कोड किती होतं? चाळीस ओळीसुद्धा नव्हत्या.

या प्रयोगाचं नाव ऑरोरा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीएनएनने त्याचा व्हिडिओ दाखवला. आजही तो बघता येतो. जरूर बघा. ज्या गोष्टीसाठी शेकडो पानांचे अहवाल पुरले नसते, ती त्या धुराने काही सेकंदांत पटवली.

त्याची पुढची कथाही मजेशीर आहे. बाकीची कागदपत्रं सरकारने दाबून ठेवली होती. २०१४ मध्ये कुणीतरी माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली गूगलवर झालेल्या 'ऑपरेशन ऑरोरा' नावाच्या वेगळ्याच हल्ल्याची कागदपत्रं मागितली. नाव सारखं, म्हणून अधिकाऱ्यांनी या ऑरोराची ८४० पानं देऊन टाकली! गुपितं अशी बाहेर पडतात. त्यामुळे 'कुणाला सांगूच नका' हा बचाव फार काळ टिकत नाही. बचाव करणाऱ्यांना शिकवणं, हाच टिकणारा बचाव.

बारा तासांची लढाई

आणि शिकवणं सुरू झालंच. त्याच काळात अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने आयडाहो फॉल्स शहरात कंट्रोल सिस्टीम सांभाळणाऱ्यांसाठी पाच दिवसांचा वर्ग चालवला. फी नाही. येण्या-जाण्याचा आणि राहण्याचा खर्च तेवढा आपला.

पहिले तीन दिवस शिकायचं. नेटवर्क कसं ओळखायचं, कसं फोडतात, कसं राखायचं. चौथ्या दिवशी वर्गाचे दोन गट पडायचे, लाल आणि निळा. लाल हल्ला करणार, निळा वाचवणार. निळ्या गटाच्या ताब्यात एका बनावट कंपनीचं ऑफिस नेटवर्क, पण त्यासोबत रसायनं मिसळणारा खराखुरा छोटा प्लांट आणि वीज वितरणाची स्काडा यंत्रणा. पंप खरे, टाक्या खऱ्या. लढाई बारा तासांची. पाचव्या दिवशी सगळ्यांनी बसून काय चुकलं ते बोलायचं.

आता माझ्यासारखा सॉफ्टवेअरवाला निळ्या गटात गेला की पहिल्या तासात काय करेल? हल्ला दिसला की सर्व्हर बंद, केबल काढ. ऑफिसमध्ये ते बरोबर. पण इथे निळ्या गटाचं काम प्लांट चालू ठेवणं आहे. केबल काढली तर ऑपरेटर आंधळा होतो आणि टाकी भरतच राहते. आणि प्लांटवाला इंजिनिअर काय करेल? टाकीची पातळी विचित्र दिसली की सेन्सर बदलायला पळेल, कारण आयुष्यभर अशा वेळी सेन्सरच बिघडलेला असतो. दोघंही आपापल्या जागी हुशार, आणि एकटे पडले तर दोघंही हरणार. एकाच टेबलावर बसून त्यांना एकमेकांना विचारावं लागतं, "तुझ्याकडे काय दिसतंय?" स्लाइड बघून ही सवय लागत नाही.

स्क्रीन खोटं बोलते तेव्हा

२०१० मध्ये स्टक्सनेट सापडलं. इराणच्या नतान्झ इथल्या सेंट्रिफ्यूजचा वेग ते बिघडवत होतं, आणि त्याच वेळी आधी नोंदवून ठेवलेले 'सगळं ठीक' असे आकडे पुढे पाठवत होतं. ऑपरेटरने स्क्रीनवर विश्वास ठेवला, यात त्याची काय चूक?

मग २३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेन, ऐन हिवाळा. वीज वितरणाच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसलेला असताना स्क्रीनवरचा माउस स्वतःहून हलू लागला. एकेक ब्रेकर उघडत गेला. ऑपरेटर आपला माउस हलवून बघतोय, काही उपयोग नाही. हल्लेखोर ईमेलमधल्या फाइलवाटे सहा महिन्यांहून आधी आत शिरले होते आणि शांतपणे सगळं शिकत बसले होते. तीन कंपन्यांचे सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक अंधारात गेले. कॉल सेंटरवर खोट्या फोनचा पाऊस पाडला, म्हणजे खऱ्या तक्रारी पोचू नयेत. जाता जाता कॉम्प्युटर पुसून टाकले आणि सबस्टेशनशी बोलणारी उपकरणंही कायमची निकामी केली.

एवढं होऊनही वीज काही तासांत परत आली. कशी? माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि ब्रेकर हाताने लावले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी तसंच, फोनवर विचारून, हाताने काम चालवलं. त्यांना ते येत होतं, कारण त्यांची यंत्रणा तोवर पूर्णपणे ऑटोमॅटिक झालेली नव्हती आणि जुनी सवय हातात शिल्लक होती.

हे वाचताना मला ते मेंटेनन्सचे काका आठवले. ऑटोवरून मॅन्युअलवर.

या हल्ल्याचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये असान्टेही होते. जनरेटर फोडून दाखवणारा हा माणूस पुढे शिकवण्याकडे वळला आणि सॅन्स संस्थेत औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण उभं करण्यात त्याने उरलेली वर्षं घातली. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं.

आयडाहोला न जाता

सगळ्यांना आयडाहोला जाणं शक्य नाही. सिंगापूरच्या तंत्रज्ञान आणि डिझाइन विद्यापीठाने २०१५ मध्ये यावर चांगला मार्ग काढला. त्यांनी पाणी शुद्धीकरणाचा छोटा पण खरा प्लांट बांधला. सहा टप्पे, मिनिटाला सुमारे १९ लिटर पाणी. मग तो अकरा दिवस सलग चालवला. सात दिवस नीट, चार दिवस हल्ले, एकूण ३६ प्रकारचे. त्या सगळ्या नोंदी त्यांनी जगभरच्या संशोधकांना दिल्या. आरोग्य कळण्यासाठी निरोगी माणसाची नाडीही माहीत असावी लागते, तसंच हे. नीट चालणारा प्लांट कसा दिसतो हे माहीत असेल, तरच बिघडलेला ओळखता येतो.

आणि आपली मुंबई

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळचे दहा. मुंबई आणि आसपासची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले, कोविडच्या दिवसांत हॉस्पिटलं जनरेटरवर आली. वीज टप्प्याटप्प्याने परत यायला कित्येक तास गेले.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीने भारताच्या वीज क्षेत्रात चिनी हल्लेखोर गटाच्या खुणा सापडल्याचं सांगितलं. मुंबईच्या घटनेशी थेट संबंध मात्र त्या अहवालाने सिद्ध केला नव्हता. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता दिसते. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे.

मी इथे निकाल द्यायला बसलेलो नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मरूचीत २००० साली पडलेला प्रश्न वीस वर्षांनी मुंबईत तसाच उभा होता. बिघाड की हल्ला? आणि त्यावर टीव्हीवर बोलत होते ते राजकारणी. हे उत्तर खरं तर कंट्रोल रूममधून, पहिल्या तासात, नोंदी हातात घेऊन यायला हवं. त्यासाठी तिथे बसलेल्या माणसाने हल्ला एकदा तरी स्वतःच्या हाताने करून आणि परतवून पाहिलेला असायला हवा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही मुद्दा आहे. आयआयटी कानपूरमध्ये तर खऱ्या पीएलसी लावलेली चाचणी केंद्रं आहेत. सुरुवात झाली आहे. आता प्रश्न असा, की प्रशिक्षण म्हणजे हजेरीपट, समोसा आणि ८० स्लाइड, की खरा पंप आणि बारा तासांची लढाई?

तुम्ही विद्यार्थी असाल तर वाट बघायची गरज नाही. ओपनपीएलसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, रास्पबेरी पायवर चालतं. एक छोटा पंप, एक बादली, एक फ्लोट स्विच जोडा. मित्राला लाल गट करा, तुम्ही निळे व्हा. पाणी सांडेल, घरचे ओरडतील, पण शिकाल. एकच अट. चालू कारखान्याच्या नेटवर्कवर, परवानगीशिवाय, काहीही जोडायचं नाही. माझ्यावर विश्वास ठेवा.

आणि जिथे कामाला लागाल तिथल्या मेंटेनन्सच्या काकांशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. मॅन्युअलचा स्विच कुठे आहे ते विचारा. पॅनलपाशी उभं राहून तो एकदा त्यांच्यासमोर स्वतः फिरवून बघा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.